देवीपुढे ठेवलेली कार्डं

परवा खंडेनवमीला दुपारी लातूरच्या आमच्या घरात मी आणि हे, दोघंच होतो.

फाल्गुनात ह्यांना झटका आला आणि वाचा गेली. ज्यांचा सौद्याचा पुकारा अख्ख्या मोंढा बाजाराला ऐकू जायचा, ते तेव्हापासून पाणीही बोटानं मागायचे... स्पीच थेरपीच्या मॅडमनी चित्रांची कार्डं दिली आहेत. मी शब्द म्हणायचा, थांबायचं, मग ह्यांनी म्हणायचा. सात महिन्यांत एकही शब्द आला नव्हता. "दिवाळीपर्यंत बघू," मॅडम म्हणाल्या.

लहानपणी नांदेडला आई माझं कॉन्व्हेंटचं इंग्लिश रीडर सरस्वतीपुढे पाटावर ठेवायची. दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. "तोवर देवी वाचते," म्हणायची. यंदा मी पाटीवर सरस्वती काढली आणि पुढे पाटावर ही कार्डं ठेवली.

कामाच्या कौसाबाई हसल्या. "ताई, लोकं पुस्तकं ठिवतेत, तुम्ही चित्रं ठिवलाव व्हय! देवीला बोलायला शिकवायलाव का?"

त्या गेल्यावर मी गेटला आतून कडी घातली.

तीनचा सुमार. हे खुर्चीत, शेजारी मी वाती वळत होते. देवघरातून आवाज आला. "आंबा..."

मग शांतता. "बस..." पुन्हा शांतता. बाईचा आवाज, अगदी सावकाश. मध्ये थांबणंही तेवढंच, कुणीतरी मागून म्हणावं म्हणून थांबतात तेवढं.

टीव्ही बंद होता, मोबाईल माझ्या मांडीवर. आईचा आवाज असता तर बरं वाटलं असतं... पण तो नव्हता. ओळखीतल्या कुणाचाच नव्हता.

"घागर..."

भास असेल, असं मनाशी म्हणत मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान पुढे करून देवघराच्या दाराकडे बघत होते. ओठ हलले.

"कोण?"

सात महिन्यांतला पहिला शब्द. आणि तो एकाही कार्डावर नव्हता.

मी धावत देवघरात गेले. फुलं जिथल्या तिथे, समई संथ. कुणी नाही.

कार्डं ठेवताना मी क्रम बघितला नव्हता. काल दसऱ्याला उचलली... वर आंबा, मग बस, मग घागर.

आज सकाळी ह्यांनी चहा मागितला. तोंडानं.

दुपारी देवघरात एकटीनं जायचा धीर अजून होत नाही... पण दार मी उघडंच ठेवलंय, आणि कार्डं पुन्हा पाटावर.