बाबल्याची शुद्ध हवा

गेल्या वर्षी दिवाळी सरली आणि आमच्या वाडीतल्या बाबल्याला हवेचा धंदा सुचला. हसू नका. माणसं आंबे विकतात, मासे विकतात, आमच्याकडचे दोघेतिघे तर दुसऱ्याची जमीनही विकून बसलेत. बाबल्याने हवा विकायला काढली, एवढंच.

साठी उलटलेला हा गडी. भात लावतो, नाचणी करतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या भानगडीत लक्ष घालतो. मुलगा सागर मुंबईला. त्याचं एकच टुमणं, "बाबा, घराला कुलूप लावा नि आईला घेऊन इकडे या." बाबल्या दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा खोकत परतला आणि वर सांगत सुटला, "तिकडे हवा चावून खावी लागते." शेवटी त्याने घरामागच्या दोन खोल्या रंगवल्या, पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या म्हणून. सागरने मोबाईलवर जाहिरात टाकून दिली, पण बजावलंही, "शिमग्यापर्यंत पाहुणे टिकले तर ठीक. नाहीतर कुलूप."

बाबल्याने रस्त्यावर फळी ठोकली : 'शुद्ध हवा मिळेल. घरगुती जेवण. मासे (मिळाले तर).'

फळी दिवसा अगदी खरी. दुपारभर समुद्रावरून असा वारा येतो की दांडीवरचं धोतर शेजारच्या वाडीत जाऊन शोधावं. घोळ संध्याकाळचा. थंडीच्या दिवसांत सूर्य बुडाला की खारा वारा पडतो आणि डोंगराकडचा अजून सुटायचा असतो. त्यात आमची वाडी दोन कातळी सड्यांमधल्या खळग्यात. नेमकं त्याच वेळेला घरोघरी चुलीवर आंघोळीचं पाणी चढतं, शेजारची ठमाबाई आपल्या आंब्याच्या कलमांखालचा पातेरा, म्हणजे झडलेला पाला, पेटवते आणि बाबल्याच्या अंगणात शेकायची आगटी लागते. एवढा सगळा धूर जाणार कुठे? फणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर पट्टा धरून बसतो, दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा. उठायचं नाव नाही.

आणि आगटी बंद करणं म्हणजे वाडीचं तोंड बंद करणं. देवदिवाळीपासून शिमग्यापर्यंत ती बाबल्याच्याच अंगणात लागते. नियम एकच : येताना कवेत मावेल एवढा पातेरा आणायचा. रिकाम्या हाताने आलेल्याला बसायला जागा नाही, मग तो सरपंच का असेना. कुणाची सून रुसली, कुणाचं लग्न कशावरून फिसकटलं, हे आधी आगटीला कळतं, घरच्यांना मागाहून.

पहिला पाहुणा आला तो पुण्याचा. त्याने संध्याकाळी अंगणात उभं राहून मोबाईल काढला, डोळे चोळले, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने गेला. जाता जाता जाहिरातीखाली लिहून गेला, 'हवा : आमच्या चौकातली बरी. मासे : मिळाले नाहीत.'

सागरचा फोन आला. "पुढच्या आठवड्यात मुंबईचं एक जोडपं येतंय, चार दिवस. नेत्रा आणि ऋत्विक. तिला तिथल्या धुळीने खोकला धरलाय. बाबा, हे पळाले तर मी तुम्हाला न्यायला गाडी घेऊनच येतो."

आता आली पंचाईत! बाबल्या घरोघर फिरला. पाहुणे येतील त्या संध्याकाळी वाडीत काडी ओढायची नाही, अशी विनवणी.

"आणि आंघोळीचं पाणी?" ठमाबाईने कमरेवर हात ठेवले. "तुझ्या फळीवर तापवू?"

"दुपारीच तापवून ठेव गो वहिनी. नाय तर एक दिवस नको करूस आंघोळ."

"मेल्या, तू करतोस तरी काय रोज?"

आगटीला रोज हजर असणाऱ्या धोंडूचं दुखणं वेगळं. "आगटी नाय लागली तर मी संध्याकाळी जायचं कुठे? घरी बसलो तर बायकोशी बोलावं लागेल."

"बोल की! लग्नाला तीस वर्षं झाली, सुरुवात कर."

कुरकुर झाली, पण सगळे कबूल झाले. बाबल्या मुंबईला गेला तर रोज चेष्टा कुणाची करायची, हा प्रश्न सगळ्यांनाच होता.

पाहुणे आले. नेत्राच्या नाकावर मास्क आणि ऋत्विकच्या हातात हवा मोजायची एक डबी. हवा चांगली असली की हिरवा दिवा, वाईट झाली की लाल, वर पिपाणीसारखा आवाज. बाबल्या त्या डबीकडे देवाला कौल लावल्यासारखा बघत बसला. सूर्य बुडाला, वारा पडला, डबी हिरवीच!

वाडी मात्र सवयीने त्याच्या अंगणात जमली होती. माकडटोप्या, शाली, एकाने तर सतरंजीच पांघरलेली. आगटीच्या जागी काळी राख, भोवती गोल करून सगळे बसलेले, आणि कुणाला शब्द सुचत नव्हता. विस्तवाशिवाय बोलायची सवयच नाही हो. एरवी माणूस आगटीकडे बघत दुसऱ्याचं उणं काढतो. आता बघायचं कुठे? समोर तोच बसलेला! बाबल्याची बायको राही गवती चहा फिरवत होती, तर लोक तो पिण्याऐवजी कपावर हातच शेकत होते.

"एकदम मस्त हवा आहे, काका," ऋत्विक म्हणाला. नेत्राने मास्क काढला. बाबल्याची छाती फुगली. त्याने ठमाबाईकडे असं बघितलं, जणू हा हिरवा दिवा त्यानेच पेरून वाढवलेला.

मग नेत्रा जरा घुटमळून म्हणाली, "काका, आगटी कधी पेटणार?"

बाबल्याचा कप हातातच राहिला. "कसली आगटी?"

तिने मोबाईल पुढे केला. सागरने टाकलेली जाहिरात. फोटोत बाबल्याचं अंगण, मधोमध आगटी पुरुषभर पेटलेली, आणि बाबल्या सगळे दात काढून शेकत बसलेला. बाबल्याने ती जाहिरात आजवर बघितलीच नव्हती. चष्मा लागतो हे कबूल करायला नको म्हणून.

"हे बघूनच तर आलो आम्ही," नेत्रा म्हणाली. "हवा काय, घरात यंत्र लावलंय आम्ही. अशी माणसं कुठून आणायची?"

मग ठमाबाई अशी हसली की माडावरची वटवाघळं उडाली. "मेल्या बाबल्या! आम्हाला संध्याकाळभर गारठवलंस, आणि गिऱ्हाईक आलंय धूर घ्यायला!"

"पण बाईंचा खोकला?" बाबल्याला धड हसवेना. डबी लाल झाली की गाडी, गाडी आली की कुलूप, हेच त्याच्या डोक्यात.

तोड राहीने काढली. "अंगणात नको, खाली मळ्याच्या टोकाला लावा. जेवणं होईतो डोंगराकडचा वारा सुटेल, धूर जाईल समुद्रावर. पोर वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसेल."

जेवणं उरकताच लोक पातेरा आणायला धावले. पाहुणे निघाले तसे धोंडूने त्यांना वाटेत अडवलं, "रिकाम्या हाताने नाय हां, वहिनी." मग काय, मुंबईची ती दोघं मोबाईलच्या उजेडात कलमांखाली पाला गोळा करू लागली.

आगटी पेटली. ऋत्विकने हौसेने डबी जवळ नेली, तशी ती लाल होऊन ठणाणा करायला लागली. बाबल्याने डोळे मिटले.

"बंद कर रे ती," नेत्रा म्हणाली. "मला ऐकू येत नाहीये. हं, ठमाकाकू, मग ती सून परत आली का?"

ती दोनदा खोकली, राहीने तिला आणखी वर सरकवलं, आणि सुनेची गोष्ट पुढे चालू झाली. संध्याकाळभर कोंडलेली वाडी अशी काही सुटली की मधे श्वास घ्यायलाही कुणी थांबेना.

दुसऱ्या दिवशी बाबल्याने चष्मा लावून फळी दुरुस्त केली : 'शुद्ध हवा मिळेल (आगटीची वेळ सोडून).'

चार दिवस उलटले, तरी सागरला काही खबर नाही. घाबरून त्याने फोन लावला. "बाबा, पाहुणे गेले का?"

"गेले ना," बाबल्या म्हणाला.

"कधी?"

"आत्ताच. पातेरा आणायला. दोन दिवस वाढवून घेतलेत त्यांनी. तू ठेव आता, मला जागा धरायची हाय."