आईने बॅटरीला ओवाळलं

रोह्यात आमचं मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेल्या पंपातली तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची, हे काम मी लग्नानंतर नवऱ्याकडून शिकले. आता त्याच्यापेक्षा बरं करते. हे त्यालाही मान्य आहे, फक्त गिऱ्हाइकांसमोर नाही.

माहेर माझं पेणजवळ, खाडीकाठी. तिथे आई एकटी राहते. तिला जुना दमा आहे आणि सकाळ-संध्याकाळ औषधाची वाफ घ्यावी लागते. वाफेचं यंत्र विजेवर चालतं, आणि गावातली वीज आमच्या घरच्या जावयासारखी आहे, कधी कशावरून रुसेल सांगता येत नाही. एका पावसाळ्यात वादळाने तार तुटली, आईला धाप लागली आणि शेजाऱ्यांनी तिला मिनीडोर रिक्षात घालून पेणच्या दवाखान्यात नेलं. त्या दिवसापासून पनवेलला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने, दादाने, एकच धोशा लावला. आईने गाव सोडायचं आणि त्याच्या फ्लॅटवर राहायला यायचं.

"मी मरन तं हितंच," आई म्हणाली.

"मरायला नको म्हणूनच नेतोय ना!" दादा ओरडला.

मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता. श्वास लाइनमनच्या भरवशावर टाकता येत नाही, हे दादाचं खरं होतं. पण आई मागे एकदा पनवेलला राहून आली होती. तिथे दिवसभर ती गॅलरीत बसून खाली कुणी ओळखीचं दिसतंय का ते बघायची. परत आली तेव्हा घराचं कुलूप उघडायच्या आधी शेतावर जाऊन आली.

शेवटी मी म्हटलं, मी बॅटरी बसवून देते. वीज गेली की यंत्र तिच्यावर चालेल. दादा कसाबसा तयार झाला. "दसऱ्यापर्यंत बघू," तो म्हणाला. "पण काही एक जरी झालं, तर दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन दारात असेन." मीही तावातावाने कबूल केलं.

मिनीडोरची एक बऱ्यापैकी बॅटरी मिळाली, छोटा इन्व्हर्टर मिळाला. चार्जर मात्र मी घरीच केला. बाजारात तयार मिळतो, ठाऊक आहे. पण दिवसभर तारा गुंडाळणाऱ्या बाईने चार्जर विकत आणायचा, हे मला झोंबलं. ट्रान्सफॉर्मर मी स्वतः भरला, पुढे चार डायोड लावले, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज ठेवला. पेटीत घालून रोह्याहून गाडीने पेणला आणला, मांडीवर, लेकरासारखा.

आईला नुसतं बटण दाखवून भागत नाही. तिला प्रत्येक गोष्टीचं 'का' लागतं. मी सांगू लागले की घरातली वीज एका दिशेने वाहत नाही, क्षणाक्षणाला पुढे-मागे होते, आणि बॅटरीला मात्र एकाच दिशेची लागते.

"म्हंजे भरती-वहटीच की," ती म्हणाली. "आनि हे तुझे चार डायोड म्हंजे उघाडी."

उघाडी म्हणजे खारबांधातलं दार. ओहोटीला ते शेतातलं पाणी बाहेर सोडतं आणि भरती आली की तिच्याच जोराने मिटतं, खारं पाणी आत येऊ देत नाही. मी इतकी वर्षं डायोड हाताळतेय, पण मला हे सुचलं नव्हतं. मी तिला शाबासकी दिली तर म्हणाली, "मंग? बांधावर जल्म गेला माझा."

मग मी धोके सांगितले. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून गाफील राहायचं नाही. दोन टोकांवर एकदम लोखंड पडलं तर एवढा करंट धावतो की पाना लाल होतो, तेव्हा हातातल्या बांगड्या आधी काढायच्या. जोडताना चिमटे आधी लावायचे आणि मग बटण, काढताना आधी बटण. पाणी घालायचं ते बाटलीतलं डिस्टिल्ड, विहिरीचं मचूळ नाही. आणि चार्जिंग चालू असताना बॅटरीतून वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, पण ठिणगी मिळाली की भडकतो. विडी नको, स्टोव्ह नको, काडी ओढायची नाही. आईने सगळं मला परत म्हणून दाखवलं. मी निर्धास्त झाले.

दसऱ्याला मी माहेरी गेले. ओट्यावर स्टुलावर चढून गोंड्याची फुलं आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण बांधत होते, तेवढ्यात आतून फट् असा आवाज आला. फटाका घरात कुणी उडवला, असं क्षणभर वाटलं. मग मी स्टुलावरून उडी टाकली आणि आत धावले.

आई देवासमोर उभी होती, हातात ताम्हण, त्यातलं निरांजन विझलेलं. समोर कोयता, विळा, कुदळ, पहार ओळीने मांडलेली, कुंकू लावलेलं. आणि त्यांच्या शेजारी पाटावर बॅटरी, तिलाही हळदकुंकू, वर गोंड्याचं फूल. दसऱ्याला हत्यारं पुजतात, तशी तिने बॅटरीही पुजली होती. शेजारणीला हाताशी घेऊन ती मी यायच्या आधीच पडवीतून देवापुढे सरकवली होती. चार्जर चालूच होता, कारण बंद पडलेलं यंत्र कसं पुजायचं? खिडक्या लावलेल्या, कारण वाऱ्याने दिवा विझला तर अपशकुन. बॅटरीची बुचं उडून कोपऱ्यात पडली होती आणि आईच्या मनगटावर ॲसिडचे थेंब होते.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं, तिला ओढत न्हाणीत नेलं आणि हातावर पाणी ओतत राहिले. हंडा संपला तरी ओतत होते. डोळे वाचले होते. भीती उतरली तशी माझी जीभ सुटली.

"ठिणगी नको म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"ठिनगी कुठं गो?" ती कळवळून म्हणाली. "द्येवाचा दिवा व्हता तो."

विडी सांगितली, स्टोव्ह सांगितला, निरांजन सांगायचं कुणाच्या डोक्यात येतं? आमच्याकडे देवाच्या दिव्याला आग म्हणतच नाहीत. संध्याकाळी दादाला फोन केला आणि झालं ते सांगितलं. शब्द दिला होता. फोन ठेवल्यावर मी चुलीपाशी बसून रडले, कारण आईचं घर माझ्याच हाताने सुटत होतं.

दुसऱ्या दिवशी दादा आला. आईच्या कपड्यांसाठी नवी कोरी बॅगही घेऊन आला होता. तोवर मी भाड्याने दुसरी बॅटरी आणून पडवीत, उघड्या जाळीपाशी, प्लास्टिकच्या क्रेटवर बसवली होती. निघेपर्यंत तरी वाफ चुकायला नको. आई एका शब्दाने भांडली नाही. त्याच्या आवडीची वालाची उसळ केली आणि वाढली. दादा ती नुसती चिवडत बसला.

संध्याकाळी खाडीवरून ढग आले, गडगडलं आणि वीज गेली. वाफेची वेळ झालीच होती. मी उठणार तर आई म्हणाली, "बस तू." तिने बांगड्या उतरवून फडताळात ठेवल्या. वीज नव्हती तरी चार्जरचं बटण आधी बंद केलं, मग चिमटे काढले, इन्व्हर्टर लावला, तोंडावर मास्क धरला. यंत्र घुरघुरू लागलं. दादा दारात उभा राहून बघत होता. डास फार झाले म्हणून त्याने मच्छर अगरबत्ती काढली आणि आईच्या पायाशी बसून काडीपेटी हातात घेतली.

आईने त्याच्या हातावर चापट मारली. मास्क बाजूला करून म्हणाली, "काडी नाय! आत्तापरत भरत व्हती ती. वायू असंल हितं. लावायची तं अंगनात जाऊन लाव."

दादा पन्नाशीचा माणूस, मुकाट्याने अंगणात गेला. परत आला तो तिच्याजवळ खालीच बसला. वाफ संपल्यावर त्याने विचारलं, "आणि ही बॅटरी भरते कशी?" मग आईने त्याला उघाडी सांगितली, भरती सांगितली, फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला बांध, हेही सांगितलं. ते तर मीही तिला सांगितलं नव्हतं. रात्रभर वीज आली नाही, आणि आईला धापही लागली नाही.

सकाळी दादाने माझ्याकडून बॅटरी भरली की आपोआप बंद होणारा चार्जर कबूल करून घेतला. बॅग न भरताच एकटा गाडीत बसला. ती बॅग आता पडवीत खुंटीला आहे, तिच्यात डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या, जादा फ्यूज आणि डोळ्यांत ॲसिड उडू नये म्हणून माझा जुना चष्मा असतो.

यंदाच्या दसऱ्याला दादा सहकुटुंब आला. आईने चार्जर सकाळीच बंद करून ठेवला होता, पडवीची दारं सताड उघडली होती. बॅटरीला फूल आणि कुंकू तिने स्वतः वाहिलं, आणि निरांजन दादाच्या हातात देऊन त्याला अंगणात पाठवलं.

"इथून चालेल?" त्याने विचारलं.

"आनि मागं व्हय."

तो दोन पावलं मागे झाला. "आता?"

"आनि मागं."

असा मागे मागे जात तो तुळशीला टेकला आणि तिथून, वाऱ्याला एका हाताचा आडोसा करत, त्याने बॅटरीला ओवाळलं. त्याची पोरं खो खो हसायला लागली. आईही हसली, पदर तोंडाला लावून, खूप वेळ. एवढं हसूनही तिला धाप लागली नाही. मी बघत होते, दादाही तुळशीपासून बघत होता.