आधी उघडून बघते
कपाट आवरताना एक जुनी फ्लॉपी हाती लागली आणि गोरव्याचा तो पंपांचा कारखाना आठवला. मी तिथे नवीन होते. कॉम्प्युटर सारखा अडकत होता आणि गुजराती शेठ वैतागले होते. ‘बेन, फॉर्मेट मारी दो ने!’ ‘शेठ, सगळी ड्रॉइंगं पुसली जातील. आधी फ्लॉपीवर घेते,’ मी म्हटलं. घेतली, आणि शेजारच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर उघडूनही पाहिली. एक फ्लॉपी उघडेचना, म्हणून ती ड्रॉइंगं पुन्हा दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवली आणि मगच फॉर्मेट केलं. संध्याकाळी सगळी ड्रॉइंगं जशीच्या तशी पडद्यावर आली, तेव्हा शेठ मोठ्याने म्हणाले, ‘हवे बेनने पूछ्या वगर कोईए कॉम्प्युटरने हाथ नहीं लगाडवानो!’ म्हणजे आता मला विचारल्याशिवाय कुणीही कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. आज स्वतःचं ऑफिस चालवते, पण त्या संध्याकाळइतक्या ताठ मानेने पुन्हा कधी घरी आल्याचं आठवत नाही.