रिजवरचं सोनं

ऑफिसला निघण्याआधी मी रिजवरच्या, म्हणजे दिल्लीतल्या जंगली टेकडीवरच्या, पायवाटेने एक चक्कर मारते. आज खालच्या रस्त्यावरच्या सातविणीचा उग्र, गोड वास टेकडीवर पार वरपर्यंत आला होता. दिल्लीत हा वास सुटला की दसरा जवळ आलेला असतो, आणि मला बाबांबरोबरची इथली शेवटची सकाळ आठवते.

वाट लहानशीच, टेकडीला वळसे घालत चढणारी. दोन्ही बाजूंना विलायती कीकर, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेला. त्याच्या काटेरी गर्दीत इथलाच जुना पळस अंग चोरून उभा असतो. अनोळखी माणसांत मीही अशीच उभी राहते. वरच्या अंगाला एक कांचन आहे. त्याची जोडपानं आमच्या घरी दसऱ्याला आपट्याचं सोनं म्हणून वाटली जायची.

त्या वर्षी बाबा रिटायर झाले होते. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून ते आणि आई वर्ध्याला परतणार होते. मी नोकरीसाठी इथेच. 'जाऊ नका, आपण भाड्याने घर घेऊ,' एवढंच मला म्हणायचं होतं. त्या सकाळी वाटेच्या प्रत्येक वळणावर मी ते पुढच्या वळणावर ढकलत होते.

कांचनापाशी बाबा पानं तोडू लागले तसे रोज भेटणारे सरदारजी अंकल थांबले. "भाईसाहब, फिर पत्ते? कभी असली सोना भी दो यार!"

"असली तो आपकी भाभीजी के लॉकर में है," बाबा हसले.

अंकल पुढे गेले आणि मी भलतंच बोलून बसले. "बाबा, हा आपटा नाहीये. मी नेटवर बघितलं. कांचन आहे."

"माहितेय गं. पहिल्याच दसऱ्याला कळलं होतं."

"मग आईला सांगितलं नाही?"

"नुकतीच आली होती ती दिल्लीत. हिंदी येईना, रोज परत जायचं म्हणायची. हे झाड दिसलं आणि म्हणाली, अहो, आपटा! मग राहू की आपण इथे. मी कशाला सांगतोय?" त्यांनी पिशवीला गाठ मारली. "इतकी वर्षं माझ्यासाठी राहिली. आता तिला जायचंय."

माझं वाक्य मी गिळलं. उतारावर बाबांनी हात पुढे केला, आणि मोठी झाल्यावर पहिल्यांदाच मी तो धरला.

ते दोघं वर्ध्याला गेल्यानंतरच्या दसऱ्याला आईचा तिकडून फोन आला. "अगं, इथल्या आपट्याची पानं किती बारकी! आपल्या दिल्लीची कशी छान मोठी असायची."

तिच्या मागे बाबा खाकरले. मी म्हटलं, "हो ना आई. तिकडचं झाडच तसं असेल."