चौथी गाडीही नको

बोळिंजला आमच्या सोसायटीसमोर गॅरेज चालवणारा मेकॅनिक मूळचा जवळच्याच गास गावचा. मला पहिल्यांदाच गाडी घ्यायची होती, तीही जुनी, म्हणून मी दर रविवारी एकेका विकणाऱ्याला गाडीसकट या मेकॅनिकच्या दारात बोलवी. तो इंजिनाकडे बघायचाच नाही. आधी पायाखालचं कार्पेट उचलून वास घ्यायचा आणि मान हलवायचा. "नको ताई. पान्यात बुडलेली हाय."

अशा तीन गाड्या गेल्या. नवरा म्हणाला, "ओळखीतली गाडी तुझ्या गळ्यात मारायची असेल त्याला." मलाही ते पटायला लागलं होतं.

चौथ्या रविवारी त्याचा सख्खा मेहुणाच आपली चकचकीत गाडी घेऊन आला. मी मनात म्हटलं, आलं का शेवटी! त्याने कार्पेट उचललं, खाली बोट फिरवलं आणि गंजाने लाल झालेलं ते बोट मेहुण्यासमोर धरलं. "ताईंची पोरं बसनार हायत हिच्यात."

मेहुणा गाडी घेऊन निघून गेला.

आभार मानायचे सोडून मी वैतागून म्हणाले, "अहो, आणखी किती रविवार?"

"त्ये नंतर बघू," तो हात पुसत म्हणाला. "आज आधी बायकोला तोंड द्यायचं हाय."