पाटा वर्ध्याला, वरवंटा खडकीला

लग्नानंतर वर्ध्याहून पुण्याला निघाले तेव्हा माझ्या ट्रंकेत नव्या साड्यांत गुंडाळलेला आईचा वरवंटा होता. पुण्यात दगड मिळत नसावेत, अशी त्या बावळट पोरीची, म्हणजे माझीच, समजूत. पाटाही हवा होता तिला. पण ट्रंक उचलूनच आमचे हे घामाघूम. आई म्हणाली, "पाटा राहू दे व बाई. वापस याले काही तं मांगं पायजे." पोरीला वाटलं, आईला पाटा लेकीपेक्षा लाडका! फुरंगटून बसली ती थेट खडकीपर्यंत.

खडकीला ह्यांची दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी, राहायला क्वार्टर. शेजारच्या काकूंनी प्रेमानं आमटी पाठवली. गूळ घातलेली! महाराणींनी नाक मुरडलं आणि बाजारातून नवा पाटा आणला. त्याचं नि वरवंट्याचं कधी जमलंच नाही. अर्धी मिरची वाटली जायची, अर्धी डोळ्यात. मग माहेरी जाताना वरवंटा पिशवीत. आईच्या पाट्यावर पोटभर ठेचा वाटायचा आणि परत आणायचा. गाडीत कुणी विचारलंच, "बाई, बॉम्ब आहे का पिशवीत?" तर मी म्हणायची, "छे, बॉम्ब ह्यांच्या कारखान्यात."

वर्ध्याला राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हे सगळं परवा आठवलं ते एका तुर्की हॉटेलच्या बागेत. माझी नात मैत्री नोकरीसाठी जर्मनीला निघाली, म्हणून तिथं जेवण. आम्ही आता कोथरूडला असतो. मैत्रीचा हट्ट, आजीचा वरवंटा नेणारच. सून म्हणे, "अगं, बॅग ओव्हरवेट होतेय!" आणि मी? मला नाही म्हणवेना, आणि देववेना.

बाग झकास. झाडांना दिवे, कुंड्यांत ऑलिव्ह, आणि डास मात्र अस्सल पुणेरी. दह्यातली काकडी आली. म्हटलं, "ही कोशिंबीर एवढ्या लांबून आणली?" मैत्रीनं डोळे वटारले. मग आलं लालभडक काहीतरी. टोमॅटो, मिरची, वर अक्रोड. मैत्रीनं पावाला लावून घास घेतला आणि ओरडलीच, "आजी, हा तर तुझा ठेचा!"

चाखला. सख्खा नाही, पण मावसभाऊ नक्की. शेफला बोलावून विचारलं, "पाटा कुठून आणलात?"

तो हसला. "पाटा नाही आजी. मोठ्या सुरीनं बारीक बारीक चिरायचं, बस."

घ्या! आणि त्या बयेनं अर्धं आयुष्य दगड वाहिला.

सून खूश. "चला, सुरी तिकडेही मिळते." पण मैत्रीचा चेहरा उतरला. "मग तुझं असं काहीच नसेल ना गं माझ्याजवळ. मला नाही करमलं तर?"

आणि माझ्या तोंडून, पुण्यात कधी न काढलेल्या सुरात, आईच बोलली. "राहू दे व बाई. वापस याले काही तं मांगं पायजे."

इतक्या वर्षांनी कळलं, आई पाट्याला जपत नव्हती. मैत्री रडता रडता हसली, आणि तेवढ्यात तिच्या वाटचा बकलावा मी संपवला.

गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर पूर्वी मी वर्धा म्हणायची, मग खडकी. आता वाटतं, आपलं काहीतरी जड जिथं वाट बघत पडलंय, ते घर. मैत्रीचं घर माझ्या ओट्यावर आहे. ती येईपर्यंत मी त्या वरवंट्यानं अक्रोड फोडते.