गंजावर मारलेला रंग

कडुबा एकदा बसला की त्याला कुणी हलवू शकत नाही, ही हर्सूल रोडवरची जुनी चेष्टा. ग्रील-गेटांच्या त्याच्या दुकानात तेलाचा एक उपडा डबा होता. त्यावर बसूनच तो वेल्डिंग करायचा, बसूनच गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायचा, बसूनच भजी हाणायचा. पिशोरहून शहरात आला तेव्हा नुसती काडी होता. आता अर्ध्या उघड्या शटरखालून जाताना आधी पोट आत घालायचं आणि मग बाकीचा कडुबा, अशी गत.

तोच कडुबा या उन्हाळ्यात बसेनासा झाला. रॉड हातात घ्यायचा, ठेवायचा. रस्त्यावर येऊन उभा राहायचा, परत आत. बायको सुलेखा जेवणाचा डबा घेऊन आली की म्हणायची, "जरा टेका की खाली! तुमच्याकडं बघून मलाच चक्कर येऊ लागली."

"टेकवत नाय, सुले."

कारण रत्नमाला. त्याची धाकटी बहीण. तिच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसच्या मशीनला जोडावं लागायचं. कडुबा आपली एक द्यायला तयार होता. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं. अडकलं ते एकाच ठिकाणी. कडुबाच्या पोटापाशी.

डॉक्टर मेघा हळू बोलायच्या. शेवटचा शब्द असा खाली ठेवायच्या, की जणू काचेचा ग्लास. "हे बघा, चरबी नुसती पडून नसते. ती आतून पेशींना छळत असते. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात त्याला. लोखंडाला हवा लागून जे होतं ना, त्याच जातीचं समजा."

"म्हंजे गंज?"

"गंज म्हणा. तुमची एक किडनी काढली, की उरलेलीवर सगळा भार. अशा अंगातून मी किडनी काढणार नाही. रोज चाला, अंग तापेपर्यंत. वजन उतरवा, बीपी खाली आणा, मग बघू. औषध काही चालू आहे का?"

"नाय." आणि तेव्हा ते खरं होतं.

बाहेर बाकावर रत्नमाला बसली होती. तिला लहानपणापासून नकलांचा नाद. अख्ख्या पिशोरात तिच्या तावडीतून कुणी सुटलं नव्हतं. भावाचा चेहरा बघितला आणि तिनं मान तिरकी करून डॉक्टरांचा आवाज काढला, "असं बघा कडुबा, तुमच्या पोटाला आम्ही वेगळा बेड देणार... नाही."

कडुबा हसला. पण तिचे सुजलेले पाय बघून ते हसू तिथंच विरलं.

दुसऱ्या दिवसापासून तो गोगाबाबा टेकडीवर जाऊ लागला. टेकडी काही हिमालय नव्हे. शाळेची पोरं पळत चढतात. पण कडुबा निम्म्यात जायचा आणि त्याच्या छातीतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज यायचा. रोज येणारे पेन्शनर त्याची वाटच बघत बसलेले. "काय कडुबाशेठ, आज तुम्ही टेकडी चढलात का टेकडी तुमच्यावर?" तो दात काढायचा, धापा टाकायचा आणि खाली यायचा. घरी वजनकाट्यावर उभा राहायचा. काटा हलायचा, नाही असं नाही. पण गोगलगायीनं चालावं तसा.

"रत्नाला एवढा टाइम कुठं हाय?" तो सुलेखाला म्हणायचा, आणि रात्रीच्या जेवणातली भाकरी अर्धी परत ठेवायचा.

अशात सांडू आला. सांडू म्हणजे पिशोरच्या शाळेतला त्याच्या बाकावरचा सोबती, मॅट्रिकला आपटलेला. आता टाय लावून क्रांती चौकाजवळ 'आरोग्य केंद्र' चालवायचा. केंद्राला ग्रील पाहिजे म्हणून आला आणि ग्रील राहिली बाजूला. बॅगेतून त्यानं हिरवा डबा काढला.

"कडुभाऊ, अँटिऑक्सिडंट पावडर! आतला गंज झाडून काढती! शंभर टक्के नॅचरल! ग्रीन टीचा अर्क, हळदीचा अर्क, आणखी लई जडीबुटी. चालायचं काय कामच नाय भाऊ, हे आतून चालतं! साइड इफेक्ट? अरे, झाडाला कधी साइड इफेक्ट असतो का?"

कडुबाला पटलं. डॉक्टरीण म्हणाली गंज, सांडू म्हणतो गंज काढणारी पावडर. दोघं एकच बोलतात की!

त्याच आठवड्यात पिशोरहून आई आली. केसरबाईच्या पिशवीत कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीच्या कांड्या होत्या. एक लेकरू मशीनवर आणि दुसरं ऑपरेशनच्या टेबलावर जाणार, त्या माउलीनं दुसरं काय करावं? सकाळ-संध्याकाळ काढा उकळायचा आणि लेकाच्या पुढ्यात पेला घेऊन उभं राहायचं. "पी बाबा. रगत साफ व्हतंय. तुहं साफ झालं म्हंजे तिला साफ जाईल."

आईपुढं नाही म्हणायची कडुबाची टाप नव्हती. मग हेही आणि तेही. पावडर एकदाची दोनदा झाली, मग दुपारचीही. टेकडी आधी एक दिवसाआड, मग रविवारपुरती, मग तीही सुटली. आतून चालू आहे म्हटल्यावर बाहेरून कशाला चालायचं? भूक मेली. छाती धडधडायची, हात थरथरायचे, रात्री एका कुशीवर पडलं की दुसरी कूस बरी वाटायची. पण काटा मात्र भराभर उतरू लागला. कडुबाला वाटलं, जमलं!

पाहुण्याच्या लग्नाला निघाल्यागत तो इस्त्रीचा शर्ट घालून तपासणीला गेला. डॉक्टर मेघांनी वजन बघितलं आणि मान डोलावली. रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि मान थांबली.

"कडुबा, दारू पिता?"

"मी? शिवत बी नाय, मॅडम!"

"मग लिव्हर एवढं का चिडलंय? मागच्या वेळी ठीक होतं. कुठलं औषध, गोळी?"

"नाय." कडुबानं छातीठोकपणे सांगितलं. आईच्या काढ्याला कुणी औषध म्हणतं का? आणि डब्यावर तर झाडाचं पान छापलेलं.

"मग कावीळ वगैरे सगळं तपासावं लागेल. कारण कळेपर्यंत तुमचं नाव मी पुढं नेऊ शकत नाही."

वॉर्डातल्या रत्नमालाला बातमी त्याच्याआधी पोचली होती. एक हात मशीनला जोडलेला, चेहरा पिवळा. तरी दुसऱ्या हातानं तिनं हवेतला टाय सारखा केला आणि भुवया उडवल्या. "ताई, शंभर टक्के नॅचरल! मशीनचं काय कामच नाय, हे आतून चालतं!"

हुबेहूब सांडू. शेजारच्या पलंगावरची म्हातारीसुद्धा खुदकन हसली. कडुबा हसला नाही.

"तुह्याकडं कधी आला तो?"

"परवा. तोच हिरवा डबा. इथली सिस्टर अशी धावून गेली त्याच्यावर! म्हणे डॉक्टरला न विचारता किडनीच्या पेशंटला असलं काय दिलं तर तुलाच मशीनवर चढवीन." मग तिनं आवाज बदलला, स्वतःचा केला. "भाऊ, तू घेतो का ते?"

"ते औषध थोडंच हाय, रत्ने. अन् आईचा काढा तर घरचाच."

"मग सांग की मॅडमला."

"सांगितलं अन् त्यांनी कायमचं खोडलं मला, तर? तुला कोण देणार?"

 

कडुबा तसाच दुकानावर आला, तर दारात टेम्पो उभा. सिल्लोडच्या कापसाच्या व्यापाऱ्याचं गेट माघारी आलेलं. व्यापारी हातवारे करत होता, "कडुबाभाई, ये गेट है के पापड़? हात लगाया तो छिलके निकल रहे! आपका काम ऐसा कबसे हो गया मियाँ?"

गेटावर रंगाला फुगे आले होते. कडुबानं नखानं एक फुगा उचलला. खाली तांबडा गंज, जसाच्या तसा. जुनं गेट, डागडुजीला आलेलं. त्या धडधडत्या दिवसांत त्यानंच त्यावर रेड ऑक्साईडचा रंग मारला होता. न घासता. घासल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही, हा त्याच्या दुकानाचा कायदा. या एका गोष्टीवरून त्यानं कारागीर हाकलले होते.

"ठिवा इथं," तो एवढंच म्हणाला.

वायर ब्रश घेतला आणि घासायला लागला. ग्राइंडर बाजूलाच होतं, पण घेतलं नाही. तांबडी भुकटी उडत होती, घाम नाकावरून टपकत होता. घासता घासता त्याचा हात मंदावला. गंज तसाच ठेवून वरून रंग. गेटावर एकदाच मारला होता. स्वतःवर तर रोज पावडरीचे तीन-तीन हात मारत होता.

ब्रश तिथंच टाकून तो घरी गेला. हिरवा डबा उचलला. स्वयंपाकघरातली उरलेली गुळवेल उचलली. केसरबाई आडवी आली. "आरं, ती कुठं न्यायला?"

"मॅडमला दाखवायला."

"डॉक्टरला काय कळतंय झाडपाल्यातलं?"

"माय, तुह्या लेकीसाठीच नेतो." केसरबाईनं वाट सोडली.

दवाखान्यात त्यानं दोन्ही वस्तू टेबलावर मांडल्या. किती घेतलं, कधीपासून, सगळं ओकला. "मॅडम, तुम्ही औषध विचारलं. मला वाटलं हे त्यात नाय येत. खोडायचं तर खोडा. पण तिचं नाव मागं टाकू नका."

डॉक्टर मेघा बराच वेळ डब्यावरचं बारीक अक्षर वाचत राहिल्या. "हळद भाजीत खा, चहा कपातून प्या. पण असा अर्क डब्यानं ढोसला की लिव्हर बिघडू शकतं. गुळवेलीनंही काहींचं बिघडतं. दोन्ही आजपासून बंद. यानंच झालं असेल तर आकडे उतरतील. नसेल तर शोधू. मी वचन देत नाही. चालायला लागा."

तो चालायला लागला. आता त्याचं काट्याकडं बघणं सुलेखानं बंद केलं होतं. काटाच तिनं माळ्यावर टाकला. टेकडीवर पेन्शनर होतेच. "शेठ, परत आलात? आम्ही तर टेकडी भाड्यानं द्यायला काढली होती!" कडुबा उत्तर द्यायला थांबत नसे. थांबला की डोक्यात रिपोर्ट, चालला की नुसते पाय.

एका सकाळी माथ्यावर पोचतो न पोचतो तोच फोन वाजला.

"कडुबा," तिकडून हळू आवाज आला, शेवटचा शब्द काचेच्या ग्लासासारखा ठेवत, "तुमचं लिव्हर आता ठीक आहे. बीपी ठीक आहे. वजन अजून थोडं उतरायला हवं, पण किडनी बदलायला परवानगी देणाऱ्या समितीपुढं तुमचं नाव पाठवते... आहे."

त्या 'आहे'वरून कडुबानं बहीण ओळखली आणि त्याच्या कपाळाची शीर ताडकन उठली. "रत्ने! गुमान ऱ्हा! कशाची चेष्टा करावी काही कळतं का तुला?"

पलीकडून तिचा खराखुरा आवाज आला, फाटलेला, ओला. "चेष्टा नाय रे भाऊ. आत्ता वॉर्डात येऊन सांगून गेल्या. म्हटलं, माह्या आवाजात सांगितलं तर तुला खरं वाटायचं नाय."

कडुबा मटकन खाली बसायला गेला. टेकायच्या आतच उठला. खाली अख्खं शहर उन्हात पसरलं होतं, त्यात कुठंतरी तो दवाखाना.

"भाऊ? आहे का? काय करतो?"

"उतरतो," कडुबा म्हणाला. "अन् पुन्हा चढतो. थोडं ऱ्हायलंय म्हणाल्या ना?"